लाल पुढे की निळा पुढे?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. स्नेहसंमेलनासाठी व्यासपीठामागे लावायला आम्ही एक मोठा फलक तयार केला होता. काळे कापड, त्यावर निळ्या घोटीव कागदाची पाने-फुले आणि मधोमध लाल कागदाची मोठी अक्षरे. आदल्या संध्याकाळी दिवे लावून तो कसा दिसतो ते पाहायला आम्ही सगळे सभागृहाच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहिलो.

चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, अक्षरं किती छान पुढे आली आहेत! मागे पुठ्ठा लावलाय का?"

पुठ्ठा नव्हता. सगळे कागद एकाच कापडावर चिकटवलेले होते. मी तसे सांगणार, तेवढ्यात तिची मैत्रीण म्हणाली, "काहीतरीच काय! फुलं पुढे आहेत. अक्षरं तर आत गेलीयेत." झाले, दोघींचे भांडण जुंपले. बहुतेक मुले लाल अक्षरांच्या बाजूची, थोडी निळ्या फुलांच्या बाजूची. एक मुलगा गप्प उभा होता. त्याला विचारले तर म्हणाला, "बाई, मला काहीच पुढे-मागे दिसत नाही. सगळं सपाटच आहे."

सगळे हसले. मीही हसून म्हणाले, "अरे, नीट बघ की!"

त्या 'नीट बघ' बद्दल मला आजही वाईट वाटते. का, ते शेवटी सांगते. त्याआधी त्या भांडणाचा निकाल लावू या. एकाच सपाट चित्रात एकाला लाल पुढे, दुसऱ्याला निळा पुढे आणि तिसऱ्याला सगळे सपाट दिसते, असे कसे?

आधी खोली कशी कळते ते पाहू

येथे 'खोली' म्हणजे राहायची खोली नव्हे, विहिरीची असते ती. वस्तू किती जवळ आणि किती लांब आहे हे डोळ्यांना कसे कळते?

एक हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. मागच्या भिंतीवर अंगठा उडी मारताना दिसेल. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटीमीटरचे अंतर असते, म्हणून दोघांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात. हा फरक मोजून मेंदू जवळ काय आणि लांब काय ते ठरवतो. सुईत दोरा ओवताना, झेल घेताना, चहा कपात ओतताना आपण हेच गणित नकळत करीत असतो. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 साली हे सप्रमाण दाखवले. किंचित फरकाची दोन सपाट चित्रे आरशांच्या साहाय्याने एकेका डोळ्याला वेगवेगळी दाखवली की एकच भरीव चित्र दिसते. त्या यंत्राला स्टीरिओस्कोप म्हणतात. चश्मा लावून पाहायचे थ्रीडी सिनेमेही याच तत्त्वावर चालतात. भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा 1984 साली मल्याळम भाषेत निघाला. पुढे तो हिंदीत 'छोटा चेतन' या नावाने आला, तेव्हा पडद्यातून बाहेर येणाऱ्या वस्तू धरायला आपण हात पुढे केला होता, हे अनेक पालकांना आठवत असेल.

एका डोळ्यानेही अंतराचा अंदाज येतो, पण तो अनुभवाने शिकलेला असतो. ताप्ती लाइनच्या गाडीने खानदेशात गावी जाताना नवापूरच्या आसपास खिडकीतून पाहा. जवळची झाडे हिरवीगार आणि लांबचे डोंगर निळसर दिसतात. मधली हवा जेवढी जास्त, तेवढा डोंगर फिका आणि निळा. चित्रकार ही युक्ती शेकडो वर्षे वापरत आले आहेत. पण आमच्या फलकावर ना डोंगर होते ना हवा. तेथे दुसरेच काही घडत होते.

हिऱ्यातली जादू आणि डोळ्यातली जादू

हे समजायला आपण सुरतकरांना लांब जायला नको. वराछा किंवा कतारगामच्या कारखान्यात जाणाऱ्या कोणालाही विचारा. पैलू पाडलेला हिरा दिव्याखाली फिरवला की त्यातून लाल, पिवळ्या, निळ्या ठिणग्या निघतात. हिऱ्यात रंग भरलेला नसतो. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात आणि हिऱ्यात शिरताना व बाहेर पडताना प्रत्येक रंग कमी-जास्त वळतो. निळा-जांभळा सर्वांत जास्त वळतो, लाल सर्वांत कमी. म्हणून ते वेगळे होतात. न्यूटनने काचेच्या लोलकातून हेच करून दाखवले आणि 1704 साली प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात ते सविस्तर लिहिले.

आपल्या डोळ्यातही भिंग आहे. त्याच्यापुढे बुबुळावरचा पारदर्शक पडदा आहे, तोही प्रकाश वळवतो. दोन्ही मिळून बाहेरचे चित्र मागच्या दृष्टिपटलावर पाडतात. हेही हिऱ्यासारखेच वागतात, फक्त पुष्कळ कमी प्रमाणात. डोळ्यासाठी जांभळा रंग आणि गडद लाल रंग यांत जवळजवळ दोन नंबरांचा फरक असतो, म्हणजे चश्म्याचा नंबर दोनने बदलावा एवढा. चांगल्या कॅमेऱ्यात दोन प्रकारच्या काचा जोडून हा दोष काढतात. डोळ्यात तशी सोय नाही. एरवी आपल्याला तो जाणवत नाही, कारण रोजच्या वस्तूंचे रंग मिसळलेले असतात आणि मेंदू बरेच सांभाळून घेतो. पण शुद्ध लाल आणि शुद्ध निळा शेजारी-शेजारी, तेही काळ्यावर आले, की हा दोष उघडा पडतो.

मग लाल पुढे का येतो?

आता मुख्य मुद्दा. आपण ज्या रेषेत पाहतो ती रेषा डोळ्याच्या भिंगाच्या बरोबर मधून जात नाही. दोन्हींमध्ये साधारण पाच अंशांचा कोन असतो. शिवाय डोळ्याची बाहुली, म्हणजे मधले काळे छिद्र, तेही नेमके मध्यावर असतेच असे नाही. त्यामुळे प्रकाश भिंगाच्या थोड्या कडेच्या भागातून आत येतो. भिंगाची कड म्हणजे एक छोटा लोलकच! तेथे लाल आणि निळा आडव्या दिशेने किंचित वेगळे होतात आणि दृष्टिपटलावर थोड्या वेगवेगळ्या जागी पडतात.

उजव्या आणि डाव्या डोळ्याची रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट-सुलट असते. म्हणून एका डोळ्यात लाल उजवीकडे सरकला, तर दुसऱ्यात डावीकडे सरकतो. म्हणजे दोन डोळ्यांतल्या चित्रांत फरक पडला! आणि असा फरक दिसला की मेंदू त्याचा एकच अर्थ लावतो: एक वस्तू जवळ आहे आणि दुसरी लांब. बहुतेकांच्या डोळ्यांत लाल चित्र कानाच्या बाजूला सरकते. जवळच्या वस्तूचे चित्रही त्याच बाजूला सरकते. म्हणून लाल पुढे आल्यासारखा वाटतो.

या प्रकाराला शास्त्रात क्रोमोस्टीरिऑप्सिस म्हणतात. नाव पाठ करायची गरज नाही, 'रंगाने भासणारी खोली' एवढे लक्षात ठेवा. विलेम आइंटहोव्हेन या डच विद्यार्थ्याने 1885 साली आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात याचे कारण मांडले. त्याचा जन्म 1860 साली जावा बेटावरचा. पुढे त्याने हृदयाच्या विजेचा आलेख काढण्याचे यंत्र विकसित केले आणि 1924 चे नोबेल पारितोषिक मिळवले. आज दवाखान्यात आजोबांचा ईसीजी काढतात तो याच शास्त्रज्ञाच्या कामातून आलेला. ज्याने हृदयाचा आलेख दिला, त्याने सुरुवात 'लाल पुढे की निळा पुढे' या प्रश्नापासून केली होती!

प्रत्येकाला वेगळे का दिसते?

कारण प्रत्येकाची बाहुली वेगळ्या जागी बसलेली असते. कोणाची थोडी नाकाकडे, कोणाची थोडी कानाकडे. फरक मिलिमीटरच्या काही भागांचा, पण तेवढ्याने निकाल फिरतो. एकाचा लाल पुढे येतो, दुसऱ्याचा निळा. ज्याच्या डोळ्यांत हे दोन्ही परिणाम एकमेकांना काटतात त्याला काहीच पुढे-मागे दिसत नाही, आणि त्याचे डोळे अगदी उत्तम असू शकतात. उजेड बदलला की बाहुली लहान-मोठी होते आणि किंचित सरकतेही. म्हणून काही जणांना दिवसा एक आणि मंद दिव्यात दुसरे दिसते. जाड भिंगाचा चश्मा असेल तर त्याचाही परिणाम होतो.

आणखी एक गंमत. आपण जितके लांब जाऊ तितकी ही भासणारी खोली वाढते. डोळ्यातला कोन तोच राहतो, पण तोच कोन लांबवर जास्त अंतर दाखवतो. आम्ही सभागृहाच्या मागच्या टोकाला उभे होतो म्हणूनच ते भांडण एवढे रंगले. फलकाला नाक लावून उभे असतो तर कदाचित कोणी काही बोललेच नसते.

रिंग रोडच्या कापड बाजारात हे रोज घडते. निळ्या जमिनीवर लाल बुट्टीची साडी दुकानदार उलगडतो. आई म्हणते, "बुट्टी कशी उठून आली आहे!" मुलगी म्हणते, "छे, मला तर सपाट वाटते." दोघी खरेच बोलत असतात. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये काम करतात. त्यांनी घरी मुलांना कापडाचे नमुने दाखवून विचारावे. पुस्तकातला धडा त्यापुढे फिका पडेल.

करून पाहा

1. काळ्या कार्डशीटवर लाल आणि गडद निळ्या घोटीव कागदाच्या जाड पट्ट्या आलटून-पालटून चिकटवा. चांगल्या उजेडात, पाच-सहा पावलांवरून दोन्ही डोळ्यांनी पाहा. काय पुढे दिसते ते एकमेकांना न सांगता वहीत लिहा.

2. आता एक डोळा झाका. खोली बऱ्याच अंशी नाहीशी होते का पाहा.

3. दोन पोस्टकार्डे घ्या. ती डोळ्यांपुढे थोड्या अंतरावर उभी धरून कानांच्या बाजूने हळूहळू आत आणा, दोन्ही डोळ्यांचा बाहेरचा अर्धा भाग झाकेपर्यंत. डोळ्याला कार्ड लावू नका. बहुतेकांना निळा पुढे सरकताना दिसेल.

4. आता कार्डाची एक पट्टी नाकापुढे धरून दोन्ही डोळ्यांचा आतला अर्धा भाग झाका. लाल पुढे येईल.

5. हीच आकृती पांढऱ्या कागदावर करा. बऱ्याच जणांना परिणाम कमी किंवा उलटाही दिसेल.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रयोगातच भांडणाचा निकाल आहे. कागद तोच, रंग तेच, पाहणाराही तोच. प्रकाश डोळ्याच्या कोणत्या भागातून आत गेला एवढेच बदलले आणि पुढचे मागे गेले. म्हणजे ती खोली कागदात नव्हतीच. त्या दोघी मैत्रिणींपैकी कोणीच चुकत नव्हती.

आणि तो गप्प उभा असलेला मुलगा?

आता त्याच्याबद्दल. संमेलन झाले, फलक उतरला, मी ते विसरूनही गेले. काही आठवड्यांनी खेळाचे सर सहज म्हणाले, "हा पोरगा पळतो छान, पण झेल एकही घेत नाही. चेंडू जवळ आल्यावर हात पुढे करतो." तेव्हा मला त्याचे 'सगळं सपाटच आहे' आठवले. त्याच्या आईला बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगितले. त्या म्हणाल्या, "बाई, त्याला तर सगळं दिसतं. लांबून बसचा नंबर वाचतो."

वाचत होता, पण एकाच डोळ्याने. नेत्रतज्ज्ञांनी एक-एक डोळा झाकून तपासले. उजवा डोळा उत्तम होता. डाव्याला लहानपणापासून मोठा नंबर होता आणि चश्मा कधी लागलाच नव्हता. अशा वेळी मेंदू अंधुक चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा असून नसल्यासारखा होतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात. शंभर मुलांत साधारण एक ते तीन मुलांना हा त्रास असतो. दोन डोळ्यांची चित्रे जुळत नसली की खोलीचे गणित होत नाही. मग लाल पुढे येत नाही, निळाही नाही आणि चेंडूही हातात येत नाही.

त्याला चश्मा लागला. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागली. मुले चिडवायची, तो रडायचा, आई समजूत घालायची. वर्षभरात डाव्या डोळ्याची नजर पुष्कळ सुधारली, पण पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षांचा असताना आणला असता तर काम सोपे झाले असते. डोळा आणि मेंदू यांची जोडणी लहान वयात लवकर वळते. सात-आठ वर्षांनंतरही उपयोग होतो, पण कमी आणि हळू.

कोणी घाबरून जाऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. लाल-निळ्याचा हा खेळ म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे. त्या दिवशी 'मला काही दिसत नाही' म्हणणारी आणखी एक मुलगी होती. तिचे डोळे तपासले तर ठणठणीत निघाले. उलट ज्याला लाल पुढे दिसतो त्यालाही चश्म्याची गरज असू शकते. खरी तपासणी डॉक्टरच करू शकतात.

पण या खेळाने मला एक गोष्ट शिकवली. त्या मुलाने कधी तक्रार केली नव्हती, कारण आपल्याला काही कमी दिसते हे त्याला माहीतच नव्हते. त्याला जन्मापासून जग तसेच दिसत आले होते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपल्याला पाहता येत नाही. तो सांगेल तेवढेच कळते, आणि ज्या दिवशी त्याने सांगितले त्या दिवशी आम्ही हसलो.

तीन विनंत्या

पालकांना: घरी खेळता-खेळता मुलाचा एक डोळा हाताने झाका आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगा, मग दुसरा झाका. अजून वाचता येत नसेल तर चित्रे ओळखायला सांगा. एक डोळा झाकल्यावर मूल चिडत असेल, हात बाजूला सारत असेल, मान तिरकी करून पाहत असेल, डोळा तिरळा होत असेल किंवा पायऱ्या उतरताना अडखळत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून थांबू नका.

विश्वस्त मंडळाला: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांच्या तपासणीत दृष्टीचाही समावेश आहे. त्याच्या जोडीला बालवाडीत प्रवेश घेतानाच प्रत्येक मुलाचा एकेक डोळा वेगवेगळा तपासला जाईल अशी सोय शाळेने करावी. एक तक्ता, एक प्रशिक्षित व्यक्ती आणि एक सकाळ पुरेशी आहे. आणि सूचनाफलकांवर, पडद्यावर दाखवायच्या पाठांत निळ्यावर लाल किंवा लालवर निळी अक्षरे टाळावीत. ती कोणाला पुढे, कोणाला मागे दिसतात आणि वाचताना डोळे शिणतात. निळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरे सर्वांना नीट वाचता येतात.

विद्यार्थ्यांना: तुमच्या शेजारच्याला तुमच्यापेक्षा वेगळे दिसले, तर लगेच हसू नका. आधी विचारा, "तुला नक्की कसं दिसतं?" त्या प्रश्नातून आइंटहोव्हेनसारखा शोधही लागू शकतो आणि एखाद्या मित्राचा डोळाही वाचू शकतो.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. मध्यंतरी भेटला. म्हणाला, "बाई, झेल अजून सुटतात, पण पूर्वीइतके नाही." त्यानंतरच्या प्रत्येक संमेलनात मी लाल-निळ्याचा एक छोटा फलक सभागृहाच्या दाराशी लावते. येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारते, काय पुढे दिसते? 'काहीच नाही' असे जो म्हणतो, त्याला मी आता 'नीट बघ' म्हणत नाही. त्याच्या घरच्यांना भेटायला बोलावते.